अप्पांचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर : चौदा महिने, दोन फायली आणि एक आडवी रेघ

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आहे हे मला सातवीत असताना कळलं. खंडेनवमीला अप्पा, म्हणजे माझे वडील, मागाचा धोटा, कात्री, तराजू, वहीखातं सगळं पाटावर मांडायचे आणि शेवटी कपाटातून एक पिवळं फडकं काढून त्यातलं ते काळं जड प्रकरण मधोमध ठेवायचे, हळदकुंकू मात्र फडक्यालाच, लोखंडाला लावू द्यायचे नाहीत, गंज चढतो म्हणून. दुसऱ्या दिवशी परत कपाटात. वर्षातून एक दिवस दर्शन, बस.

अप्पांचा सुताचा धंदा होता. ऐंशी-नव्वदच्या काळात सगळा व्यवहार रोखीत, रात्रीअपरात्री पैसे घेऊन यायचं म्हणून त्यांनी परवाना काढला आणि १९९१ मध्ये एका रिटायर फौजी माणसाकडून रीतसर परवानगी घेऊन हे विकत घेतलं. अमेरिकन रुगर सिंगल सिक्स, .२२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप), जुन्या मॉडेलचं. बाहेरून हत्यार मागवणं आपल्यासारख्यांना तेव्हाच जवळजवळ बंद झालं होतं, त्यामुळे असं जुनं हातातून हातात फिरणारं मिळालं तर मिळालं. अप्पांनी ते माणसावर कधी रोखलं नाही, देवाची कृपा.

हे लिहायचं कारण म्हणजे मी माहिती शोधत होते तेव्हा मराठीत काहीच धड सापडत नव्हतं, जो भेटेल तो वेगळंच सांगायचा. बहुतेकांचं एकच, वडील गेल्यावर बघा. तर पहिली गोष्ट, वडील जायची वाट बघावी लागत नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये सरळ दिलंय की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावाने अर्ज करायला देऊ शकतो. वारस म्हणजे मुलगीसुद्धा. अप्पा तेव्हा त्र्याहत्तरचे होते, हत्यार येऊन एकतीस वर्षं झालेली, म्हणजे दोन्हीत बसत होतो.

डिसेंबर २०२२. अप्पांचा परवाना रिन्यूला आला होता आणि त्यांचा हात थरथरायला लागला होता, चहाचा कप बशीत वाजायचा. जेवताना म्हणाले, "मी आता हे सोडून देतो. दुकानात जमा करतो, विकलं गेलं तर गेलं." मी म्हणाले माझ्या नावावर करा की. आई म्हणाली, हिचं काय डोकं फिरलंय का. धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो, त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला, "ताई, तू झुरळाला घाबरतेस." झुरळाचा आणि याचा काय संबंध.

खरं सांगायचं तर संरक्षण वगैरे माझ्या डोक्यात नव्हतंच. मी टॅक्सची कामं करते, माझ्याकडून कोण काय लुटणार, फाइल? मला ते घरातून जाऊ द्यायचं नव्हतं आणि एकदा तरी चालवून बघायचं होतं, एवढंच. हेच कारण मी पुढे प्रत्येक टेबलावर खरंखरं सांगितलं. उगाच "जिवाला धोका आहे" लिहू नका, मग धोक्याचा पुरावा मागतात, तक्रार कुठे केली विचारतात.

जानेवारी २०२३ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला. एनडाल-एलिस म्हणून केंद्राची साइट आहे, त्यावर ए-१ फॉर्म. सोलापूर शहरात राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्तालयाकडून, शहराबाहेर असाल तर कलेक्टर ऑफिसकडून. हे आधी नीट बघा, आमच्या ओळखीच्या एकाने हद्दवाढ भागात राहून चुकीच्या ठिकाणी अर्ज केला आणि पाच महिने घालवले. साइट रात्री बरी चालते. फोटो सारखा रिजेक्ट होत होता, शेवटी पार्क चौकातल्या फोटोवाल्याने बरोबर साइजमध्ये करून दिला, चाळीस रुपये. त्यात मध्येच गड्ड्याची यात्रा आली, त्या आठवड्यात सगळं शहरच सिद्धेश्वराच्या मागे असतं, बंदोबस्त असतो, तेव्हा पोलिसांकडे कुठलं काम घेऊन जायचं नाही हे सोलापूरकराला सांगायला लागत नाही तरी मी गेले आणि परत आले.

कागद बरेच लागतात. आधार, पॅन, राहण्याचा पुरावा, तीन वर्षांचे रिटर्न (हे तरी माझ्याकडे तयार होते), अप्पांचा मूळ परवाना, अप्पांचं संमतिपत्र, आई आणि भावाचं ना-हरकत. भावाचं तिकडे नोटरी करून कुरिअरने मागवलं तर त्यात त्याने "माझ्या वडिलांची बंदूक" लिहिलेलं, हत्याराचा नंबर नाही, बोअर नाही. परत करायला लावलं. कोणाकडून ना-हरकत घेणार असाल तर मजकूर तुम्हीच टाइप करून पाठवा. आम्ही शंभरच्या स्टँपवर केलं होतं, आता २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभर-दोनशेवाली कामं पाचशेच्या स्टँपवर गेलीत, तेव्हा आधी विचारून घ्या कुठला कागद स्टँपवर लागतो आणि कुठला साधा चालतो, नाहीतर उगाच हजार-दीड हजार जातात.

मग तीन एस. एस-१ म्हणजे हत्यार सुरक्षितपणे हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, एस-२ म्हणजे घरी नीट कुलुपात ठेवीन असं लिहून देणं, एस-३ म्हणजे मेडिकल. ट्रेनिंगसाठी मी फेब्रुवारीत पुण्याला गेले, पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने, दोन दिवस, फी, राहणं, रिक्षा सगळं धरून साडेनऊ हजार गेले. माझ्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खर्च हाच. पण पैसे वसूल झाले असं म्हणेन. वर्गात अकरा पुरुष आणि मी. शिकवणारे सर पहिल्या तासाला एकच गोष्ट घोकून घेत होते, प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं, आणि नळी जिथे भोक पडलं तर चालणार नाही तिथे न्यायची नाही. मला त्या दिवशी कळलं की अप्पा पाटावर ठेवताना त्याचं तोंड कायम भिंतीकडे का ठेवायचे.

मेडिकल सरकारी दवाखान्यात. डोळे, बीपी ठीक आहे, पण मानसिक आरोग्याचीही सही लागते आणि ते डॉक्टर आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच बसायचे. तीन चकरा. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं झोप लागते का, राग येतो का. म्हटलं राग मागच्या दोन चकरांपासून येतोय. हसले, सही केली.

यानंतर काही नाही. मार्च, एप्रिल, मे, काही नाही. नियमात पोलीस रिपोर्टला तीस दिवस दिलेत, माझ्याबाबतीत चार महिने लागले. ठाण्याचं नाव लिहीत नाही, सगळीकडे थोडंफार असंच असतं. फाइल एका साहेबांच्या टेबलावर, साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, फाइल खाली गेली. मी दर पंधरा दिवसांनी जायचे, आवाज न चढवता अर्जाचा नंबर सांगायचे, कोणाकडे आहे विचारायचे आणि वहीत तारीख लिहून यायचे. ती वही पुढे फार कामाला आली, कारण एकदा "तुमचा कागद आलाच नाही" म्हणाले तेव्हा मी पोच दाखवली. प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्क्यासकट.

जूनमध्ये एक हवालदार घरी आले. लॉकर कुठे, भिंतीला ठोकलाय का, घरात लहान मूल कोण, दारू कोण पितं. मग शेजाऱ्यांचे जबाब. शेजारच्या अम्मा घरात तेलुगू बोलतात, बाहेर आल्या आणि हवालदारांनाच म्हणाल्या, "चांगली पोरगी आहे की ही, हिला कशाला बंदूक देता?" ते जबाबात कसं लिहायचं यावर हवालदार दोन मिनिटं पेन धरून बसले. शेवटी फक्त "वर्तणूक चांगली आहे" एवढंच लिहिलं.

जुलैत वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मुलाखत. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "मुलगा नाही का त्यांना?" आहे म्हटलं, त्याचं ना-हरकत पान क्रमांक चौदावर आहे. मग ते बरेच सरळ बोलले, सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे काय माहीत आहे का विचारलं. मी सांगितलं, चाप ओढल्यावर फक्त घोडा, म्हणजे मागची हातोडी, पडतो, तो मागे आपल्यालाच अंगठ्याने ओढायला लागतो, प्रत्येक गोळीला. म्हणाले, "मग संरक्षणाला हळूच की हे." हो सर, हळूच आहे, मला हळूच पाहिजे.

वाटलं झालं. तर ऑगस्टमध्ये फोन, नंबर जुळत नाही. अप्पांच्या परवान्याच्या पुस्तकात १९९१ साली कोणीतरी सुरुवातीचे दोन अंक आणि त्यानंतरची आडवी रेघ गाळून नंबर लिहिला होता. हत्यारावर रेघ आहे, पुस्तकात नाही, आणि बत्तीस वर्षं प्रत्येक रिन्यूला तोच चुकीचा नंबर पुढे उतरवला गेला. आता हे तेच हत्यार कशावरून? दुकानदाराकडून तपासणीचा दाखला, अप्पांचं प्रतिज्ञापत्र, १९९१ ची विक्रीची पावती. ती पावती अप्पांनी अर्ध्या तासात काढून दिली, सूत खरेदीच्या बिलांच्या गठ्ठ्यात, सुतळीने बांधलेली. मी त्यांच्या जुन्या कागदांवरून आयुष्यभर कटकट केली, त्या दिवसापासून बंद. तुमच्या घरी असं काही असेल तर आजच पुस्तक काढा आणि नंबर एकेक अक्षर लावून बघा. आणि इथेच मला वाटलं की बरं झालं आपण आत्ता करतोय, अप्पा नसते तर ती पावती कुठल्या गठ्ठ्यात आहे हे कोण सांगणार होतं.

यात दोन महिने गेले. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी परवाना मंजूर झाल्याचा मेसेज. सरकारी फी चलनाने भरली, ती फार नव्हती. परवाना पाच वर्षांचा मिळतो, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असायचा. नोव्हेंबरात अप्पांच्या पुस्तकातून हत्यार कमी झालं आणि माझ्यात चढलं, मग दोघांनी जाऊन प्रत्यक्ष दाखवून आणलं. ठाण्यातून बाहेर पडताना अप्पा रिकामं पुस्तक खिशात घालत म्हणाले, "हलकं वाटतंय." मला उलट हातातली पिशवी जड लागत होती, वजन म्हणाल तर किलोभरसुद्धा नाही.

डिसेंबरात चुलतभावाचं लग्न होतं, तिथे बातमी आधीच पोचलेली, "ताई, वरातीत एक बार उडव की." त्याला सांगितलं, असा हवेत बार काढला की दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, कायद्यातच घातलंय आता. तो म्हणाला मग काय उपयोग. बरोबर आहे, वरातीला काही उपयोग नाही.

काडतुसं दुकानातून परवान्यावर चढवूनच मिळतात, किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावरच लिहिलेलं असतं. मी पन्नासची एक पेटी घेतली. .२२ चं काडतूस हातात घेतलं तर खेळण्यातलं वाटतं, पेन्सिलीच्या टोकाएवढं. पण स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते याच .२२ वर, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत सगळ्या याच काडतुसावर मोठ्या झाल्या. याला रिमफायर म्हणतात कारण पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यावर ठोका देणारी पिन मध्यावर नाही, कडेवर बसते. म्हणूनच रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप उगाच टकटक वाजवत बसायचा नाही, पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या घराच्या, कडेवर आपटू शकते.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, अर्ज केल्यापासून तेराव्या महिन्यात आणि त्या जेवणापासून चौदाव्या, आम्ही पुण्याजवळच्या एका नेमबाजीच्या रेंजवर गेलो. घराच्या गच्चीवर, शेतात वगैरे चालत नाही, रेंजच. फोन करून आधी वेळ घेतली, परवान्याची कॉपी पाठवली. गाडीने गेलो, हत्यार कुलूपबंद पेटीत डिकीत, काडतुसं वेगळी, मूळ परवाना माझ्या पर्समध्ये. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा अप्पा गाडीतून उतरलेच नाहीत, "पेटी आहे ना मागे." चहा गाडीत.

रेंजवर अप्पांनी मला भरायला शिकवलं. पुण्यातल्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं, तिथे सगळी नवी हत्यारं होती. घोडा अर्ध्यावर ओढायचा, एक टक् येतो, मग सिलिंडर, म्हणजे काडतुसांची सहा घरं असलेला गोल भाग, मोकळं फिरतं. उजवीकडचं छोटं दार उघडायचं. एक काडतूस आत सरकवायचं. सिलिंडर एक घर फिरवायचं, ते घर रिकामं सोडायचं. मग ओळीने चार भरायची. दार बंद, घोडा पूर्ण मागे, आणि अंगठ्याने धरून, चाप दाबून, सावकाश खाली उतरवायचा. बरोबर रिकाम्या घरावर येतो. "एक भर, एक सोड, चार भर," अप्पा म्हणत होते, पाढे म्हणावेत तसं. सहाची जागा असून पाचच भरायच्या, कारण १८७३ च्या कोल्टपासून चालत आलेल्या या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असला की पिन थेट काडतुसावर टेकून असते, हातातून पडलं तर बार होऊ शकतो. रुगरने १९७३ पासून मध्ये ट्रान्सफर बार नावाची पट्टी घातली, त्यात हा प्रश्न राहिला नाही. आमचं त्याआधीचं. कसं ओळखायचं तर बाजूला तीन स्क्रू दिसतात, नव्यात दोन पिना असतात. घरात जुनं सिंगल अ‍ॅक्शन असेल आणि कोणी सहा भरत असेल तर आजच थांबवा.

पहिली गोळी. कानावर मफ, डोळ्यावर चष्मा, दहा मीटरवर कागद. घोडा मागे ओढताना अंगठ्याला चार बारीक टक् टक् जाणवतात, मग शांत. चाप एवढा हलका की कधी सुटला कळलंच नाही. धक्का जवळजवळ नाहीच, फटाक्याची लड वाजावी तसा एक कोरडा आवाज आणि जळक्या मसाल्याचा वास. गोळी कागदाच्या बाहेर. दुसरीही. तिसऱ्याला अप्पा मागून म्हणाले, "तू कागद बघतीयेस. पुढची माशी बघ." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा. माशी बघितली, कागद धूसर झाला आणि गोळी कागदाच्या मधल्या काळ्यात.

एक काडतूस वाजलंच नाही. घोडा पडला, टक्, काही नाही. रिमफायरमध्ये होतं असं मधूनमधून. मी हत्यार फिरवून बघायला लागणार तोच रेंजवरचे सर आणि अप्पा दोघं एकदम ओरडले, "तसंच धर!" तीस सेकंद नळी टार्गेटकडेच, उशिरा पेट घेऊ शकतं म्हणून. ते तीस सेकंद मला अख्ख्या चार महिन्यांच्या पोलीस रिपोर्टपेक्षा मोठे वाटले. नंतर काढून बघितलं, कडेवर पिनेची खूण नीट होती, मसालाच खराब.

तीस मारल्या, नऊ काळ्यात. अप्पांनी दोनच मारल्या, हात थरथरत होता तरी घोडा पडायच्या क्षणाला कसा काय थांबायचा कोण जाणे, दोन्ही आत. मग म्हणाले बास. रिकाम्या पुंगळ्या डबीत भरून आणल्या, आमच्या दुकानदाराला पुढच्या खरेदीला दाखवाव्या लागतात. आणि हात साबणाने धुवा, जेवायच्या आधी नक्की, गोळी शिशाची असते.

पुढे महिन्याभरात लोकसभेची आचारसंहिता लागली आणि जमा करायची नोटीस आली. १६ मार्च २०२४ ला निवडणूक जाहीर झाली, सोलापूरचं मतदान ७ मेला, हत्यार परत मिळालं जूनमध्ये. पावती घ्या, पावतीवर नंबर रेघेसकट लिहून घ्या (मी तिथे उभं राहून लिहायला लावला). मी फडक्यात गुंडाळून दिलं होतं, परत आलं तेव्हा सिलिंडरवर तांबूस ठिपके. कोणाला बोलणार, उन्हाळ्यात घाम, नंतर दमट हवा, माझंच चुकलं, तेल न लावता दिलं. ऑक्टोबरात विधानसभेला परत नोटीस, यावेळी परवानाधारक दुकानात जमा केलं, तेही चालतं, महिन्याचं थोडं भाडं घेतात पण तेल लावून ठेवतात. २० नोव्हेंबरचं मतदान झालं, डिसेंबरात घरी. म्हणजे पहिल्या वर्षात हत्यार माझ्या नावावर होतं पण अर्धा वेळ माझ्याकडे नव्हतंच.

आतापर्यंतचा खर्च कोणी विचारलं म्हणून सांगते, ट्रेनिंग साडेनऊ हजार, लॉकर साडेसहा, कागद-नोटरी-कुरिअर-तपासणी दाखला मिळून साधारण चार, रेंजच्या दोन फेऱ्या पेट्रोलसकट सात-आठ. कोणालाही टेबलाखालून काही दिलं नाही, कोणी उघड मागितलंही नाही, चकरा मात्र एकोणतीस. वहीत मोजल्या.

यंदाच्या खंडेनवमीला पाट मीच मांडला. माग केव्हाच विकले, धोटा आणि कात्री तेवढी ठेवलीय, माझा कॅल्क्युलेटर पण ठेवला. अप्पा आता शहात्तरचे, खुर्चीतून उठून आले, रिव्हॉल्व्हरचं ते छोटं दार उघडायला लावलं, सिलिंडर सहाही घरं फिरवून आरपार उजेड बघितला. मग तांबूस ठिपके होते त्या जागी बोट फिरवलं आणि विचारलं, "तेल कुठलं लावलंस?" मी ऑनलाइन मागवलेली महागाची बाटली दाखवली. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि आईला म्हणाले, "ती माझी मागाच्या तेलाची कुपी कुठंय गं?"